पॅडल आधी, विटा नंतर : अटारी २६००साठी विटा फोडायचा खेळ लिहिताना ठेवलेल्या नोंदी

११ मे २०२४, शनिवार

काम ठरलं. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रावर चालेल असा विटा फोडायचा खेळ लिहायचा, तो खऱ्या कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत) भरायचा आणि ट्यूबवाल्या जुन्या टीव्हीवर खऱ्या पॅडलने (गोल नॉब फिरवून बॅट हलवायच्या कंट्रोलरने) खेळायचा. इम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रामवर) चालला की झालं, असं धरायचं नाही.

यंत्र गल्लीतल्या एका गराज सेलमध्ये मिळालं, ४५ डॉलरला, "चालेल याची खात्री नाही" या बोलीवर. चाललं. आम्ही सनीवेलला राहतो. अटारीचं मुख्यालय याच गावात बोरेगास अव्हेन्यूवर होतं. १३ इंची टीव्ही कुणीतरी फुटपाथवर 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून ठेवला होता, तो उचलून आणला. पॅडलची जोडी ऑनलाइन मागवली, १८ डॉलर.

बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांनी १९७८ ते २००४ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. टीव्ही घरात आल्याबरोबर पहिली तंबी मिळाली, "मागचं झाकण मी असल्याशिवाय काढायचं नाही. बंद केल्यावरसुद्धा ईएचटीचा झटका बसतो." ईएचटी म्हणजे ट्यूबला लागणारी अतिउच्च दाबाची वीज. हे वाचून कुणी ट्यूबचा टीव्ही उचलून आणणार असेल, तर ही तंबी त्यांनाही लागू.

नमुना म्हणून अटारीच्याच 'ब्रेकआउट' या खेळाची १९७८ची घरगुती आवृत्ती समोर ठेवली आहे. एका रांगेत १८ विटा, अशा ६ रांगा, एकूण १०८. खालून वर जाताना रांगांचे गुण १, १, ४, ४, ७, ७. एक भिंत पूर्ण पाडली की ४३२, दोन पाडल्या की ८६४. हे आकडे मी तसेच ठेवणार आहे, कारण ते बसवले आहेतच इतके छान.

१२ मे

पुढच्या नोंदी समजायला लागेल तेवढंच इथे लिहून ठेवते. प्रोसेसर ६५०७, वेग १.१९ मेगाहर्ट्झ. रॅम १२८ बाइट; हे किलोबाइट नाहीत. चित्र साठवून ठेवायला जागाच नाही. टीव्हीच्या ट्यूबमधला बीम डावीकडून उजवीकडे जात असताना, त्या ओळीत काय दिसायचं ते त्याच क्षणी चित्र काढणाऱ्या टीआयए चिपला सांगायचं. एका ओळीला ७६ सायकल (प्रोसेसरचे ठोके) मिळतात. एका फ्रेमला २६२ ओळी : ३ सिंकच्या (टीव्हीला नवी फ्रेम सुरू झाल्याचं सांगणाऱ्या), ३७ वरच्या कोऱ्या, १९२ दिसणाऱ्या आणि ३० खालच्या कोऱ्या. हिशेब, धडका, गुण, सगळं त्या कोऱ्या ओळींत उरकायचं.

असेंब्ली भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत बदलायला डॅसम, तपासायला स्टेला हा इम्युलेटर. दोन्ही फुकट.

१८ मे

विटांपासून सुरुवात केली. हीच चूक होती, पण ते कळायला मला जून संपावा लागला.

विटा प्लेफिल्डमधून काढायच्या. प्लेफिल्ड म्हणजे मागच्या चित्राचे, पडद्याच्या अर्ध्या रुंदीचे २० बिट. उरलेला अर्धा भाग यंत्र स्वतःच भरतं, एकतर त्याच क्रमाने पुन्हा किंवा आरशासारखं उलटं. माझ्या भिंतीत मात्र डावीकडची वीट फुटली म्हणून उजवीकडची फुटता कामा नये. म्हणून प्रत्येक ओळीत चिपमधली तीन रजिस्टर (हे बिट ठेवायच्या जागा : पीएफ-०, पीएफ-१, पीएफ-२) दोनदा लिहायची, बीम डाव्या अर्ध्यात जायच्या आधी एकदा आणि मग उजव्या अर्ध्यासाठी पुन्हा.

मी आरशाची पद्धत निवडली, कारण तिच्यात दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती आपोआप येतात. फसले. आरशात डाव्या अर्ध्याचा शेवट पीएफ-२वर होतो आणि उजव्या अर्ध्याची सुरुवातही पीएफ-२नेच होते. म्हणजे तेच रजिस्टर बरोबर मध्यावर बदलायला जेमतेम एखाद्या सायकलची फट मिळते. एक सायकल इकडेतिकडे झाली की मधल्या दोन विटा फाटलेल्या दिसतात. शनिवारचा पूर्ण दिवस त्या दोन विटांपायी गेला.

रात्री पद्धत बदलली. विटांच्या पट्ट्यात 'पुन्हा तेच' आणि त्याखालच्या मोकळ्या मैदानात 'आरसा'. रांगा संपल्या की एक रजिस्टर बदलायचं, बस. 'पुन्हा तेच' पद्धतीत ऐसपैस वेळ मिळतो : पीएफ-० दुसऱ्यांदा लिहायचं २८ ते ४९ सायकलच्या दरम्यान, पीएफ-१ ३९ ते ५४, पीएफ-२ ५० ते ६५. हे आकडे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. मी आधी चिकटवायला हवे होते.

२५ मे

विटा पुसणं. चेंडूच्या जागेवरून वीट शोधणं सोपं निघालं. प्रत्येक वीट ८ पिक्सेल रुंद आणि डावी भिंतही ८, त्यामुळे चेंडूच्या आडव्या आकड्याला आठाने भागायचं आणि एक वजा करायचा. आठाने भागणं म्हणजे तीनदा उजवीकडे सरकवणं. १८चा आकडा किती चपखल आहे ते इथे कळतं : दोन भिंतींचे चार बिट काढले की ४०पैकी ३६ उरतात, दोन-दोन बिटांच्या १८ विटा, आणि एकही वीट दोन बाइटच्या सांध्यावर येत नाही.

पण पुसताना भलतीच वीट जाऊ लागली. डावीकडून दुसऱ्या विटेवर मारलं तर बरोबर तीच जाई, पण सहावीवर मारलं तर नववी. कारण पीएफ-० आणि पीएफ-२ यांचे बिट पडद्यावर उलट्या क्रमाने दिसतात, पीएफ-१चे सरळ. मी तिघांनाही एकच सूत्र लावलं होतं. सूत्र सोडून दिलं आणि १८-१८ बाइटचे दोन तक्ते केले, एकात कुठला बाइट आणि दुसऱ्यात कुठले बिट. रॉममध्ये (कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये) जागा भरपूर आहे, कंजुषी फक्त रॅममध्ये करायची. भिंतीची अवस्था साठवायला सहा रांगा गुणिले सहा बाइट असे ३६ बाइट गेले.

१ जून

चेंडू. टीआयएमध्ये 'बॉल' नावाची वस्तूच आहे, म्हणून साहजिकच तीच वापरली. चेंडू लाल रांगेत शिरला की लाल, पिवळ्या रांगेत पिवळा, आणि विटांवर आला की दिसेनासा. बॉल आणि प्लेफिल्ड यांचा रंग एकाच रजिस्टरमधून येतो, हे मी वाचलेलं होतं तरी लक्षात ठेवलं नव्हतं. आता चेंडू म्हणून टीआयएमधलीच 'मिसाइल' नावाची वस्तू वापरते. तिचा रंग बॅटच्या रंगाशी जोडलेला आहे, ते चालेल.

धडक ओळखायला यंत्रात वेगळी रजिस्टर आहेत. त्यांच्यावर विसंबून दोन संध्याकाळी घालवल्या. ती फक्त 'मिसाइल प्लेफिल्डला लागली' एवढंच सांगतात. कुठे लागली ते सांगत नाहीत, आणि बाजूची भिंतही प्लेफिल्डच असल्यामुळे तिथेही तेच उत्तर येतं. सोडून दिली. विटांसाठी फक्त आकड्यांचा हिशेब.

एक वीट फुटल्यावर पुढच्याच फ्रेमला चेंडू शेजारची फोडत होता. एक झेंडा (हो-नाहीची खूण) ठेवला : वीट फुटली की बॅटला किंवा वरच्या भिंतीला लागेपर्यंत दुसरी फुटणार नाही.

८ जून

गुण मोजायला प्रोसेसरची दशमान पद्धत (एरवी तो द्विमानात मोजतो) चालू केली आणि बंद करायची आज्ञा विसरले. पहिली वीट फुटली की त्यानंतर बॅट वेड्यासारखी पळे, कारण बॅटची बेरीज-वजाबाकीसुद्धा दशमानात होऊ लागे. तीन तास. एका ओळीची चूक. 'सीएलडी' ही आज्ञा गुणांच्या कामाच्या शेवटी घाला आणि फ्रेमच्या सुरुवातीलाही एकदा घालून ठेवा, दोन सायकलच जातात.

आज स्टेलावर माउसने पूर्ण भिंत पाडली. लेकाला दाखवली. त्याने विचारलं, "खऱ्या यंत्रावर कधी?"

१५ जून

कार्ट्रिज. एक जुनं, खराब झालेलं कार्ट्रिज चार डॉलरला घेतलं, कवच आणि पाटी (सर्किट बोर्ड) वापरायला. चिप म्हणून एटी२८सी६४ घेतली. जुनी २७३२ ईप्रॉम न घेण्याचं कारण : तिला भरताना २१ किंवा २५ व्होल्ट लागतात आणि माझ्या स्वस्तातल्या प्रोग्रामरला तेवढे देता येत नाहीत. शिवाय चुकलं की अतिनील दिव्याखाली ठेवून पुसा. ही नवी चिप पाच व्होल्टवर भरते आणि सेकंदात पुसते. दोन चिपा ९ डॉलर.

पाय जुळत नाहीत, म्हणून बारीक वायरी ओढल्या. खेळ घातला, यंत्र चालू केलं, काळा पडदा.

अटारी कार्ट्रिजला निवडतं ते ए-१२ या ओळीवर 'वर' इशारा देऊन. माझ्या चिपला जागं व्हायला 'खाली' इशारा लागतो. मूळ कार्ट्रिजमधल्या चिपा त्या यंत्रासाठीच बनवलेल्या असत, म्हणून त्यांच्या पाटीवर काहीच जास्तीचं नसतं. आपल्याला मध्ये एक इन्व्हर्टर (इशारा उलटा करणारी चिप) घालावा लागतो. त्यासाठीची ७४एलएस०४ बाबांच्या ओळखीची निघाली. त्यांनीच ती पालथी घालून पाठीवर चिकटवली आणि वायरी जोडल्या. त्यांचा सोल्डर माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, टाका छोटा आणि चकचकीत.

चित्र आलं.

१६ जून

चित्र आलं, पण कार्ट्रिजजवळ बोट नेलं की खेळ कोलमडायचा. लांब बसून खेळलं तर अर्धा तास काही नाही. बाबा म्हणाले, "कुठला तरी पाय हवेत आहे." खरंच होता. चिप ८ किलोबाइटची, मला ४च हव्यात, म्हणून वरचा पत्त्याचा पाय मी मोकळाच सोडला होता. मोकळा पाय आसपासचं काहीही उचलतो आणि चिप मध्येच रिकाम्या अर्ध्यात उडी मारते. तो ग्राउंडला जोडला. कोडही दोन्ही अर्ध्यांत सारखाच भरून ठेवला, म्हणजे उद्या टाका सुटला तरी खेळ बंद पडणार नाही.

२२ जून

खऱ्या टीव्हीवर, खऱ्या पॅडलने पहिला डाव. खेळता येत नाही.

बॅट थरथरते. नॉबला हात न लावताही थरथरते. चेंडू खाली येतोय, मी बॅट बरोबर जागी नेली आहे, आणि शेवटच्या क्षणी ती चार पिक्सेल बाजूला सरकते. सहा आठवड्यांच्या कामाची सगळी चव त्या थरथरीत गेली. स्टेलामध्ये माउस होता, माउस थरथरत नाही.

२३ ते ३० जून

हा आठवडा वाया गेला, तो का ते सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा इथेच जाईल.

पॅडल म्हणजे एक मेगओहमचा पॉट, नॉब फिरवली की ज्याचा रोध बदलतो असा भाग. यंत्रात एक कपॅसिटर आहे. कोऱ्या ओळींत तो रिकामा करायचा, दिसणारं चित्र सुरू झालं की सोडायचा, आणि पॉटमधून तो भरेपर्यंत किती ओळी गेल्या ते मोजायचं. जेवढा रोध जास्त तेवढ्या ओळी जास्त. त्या ओळींचा आकडा हीच बॅटची जागा : एक ओळ, एक पिक्सेल. नॉब पूर्ण फिरवली तर १९२ ओळींत कपॅसिटर भरतच नाही, म्हणून फिरण्याचा काही भागच कामाचा असतो.

मी तो आकडा पडद्यावर छापून पाहिला. स्थिर नॉब, आणि आकडे असे : ९१, ९४, ८८, ९३, ९१, ८७. मी ठरवून टाकलं की जुनं तंत्र आहे, असं असणारच, कोडमध्ये गुळगुळीत करू. चार फ्रेमची सरासरी काढली. थरथर गेली, पण बॅट रबराने बांधल्यासारखी मागून येऊ लागली. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, आणि हाताला तो सरळ जाणवतो. दोन फ्रेमची काढली तर थोडी थरथर आणि थोडं रबर, दोन्ही. मोठी उडी आली तर दुर्लक्ष करायचं, असं लिहिलं. मग झटकन फिरवलेल्या हाताकडेही दुर्लक्ष होऊ लागलं. सात संध्याकाळी. कोडमधला दोष नव्हताच आणि मी तो कोडमध्ये झाकत होते.

६ जुलै

बाबा सोफ्यावर बसून माझा तो आकड्यांचा पडदा बघत होते. त्यांनी नॉब हातात घेतली, सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली आणि म्हणाले, "अगं, ही खरखर आहे. रेडिओचा आवाज वाढवताना व्हायची ना, तीच. पॉट उघड."

पॉटचं पत्र्याचं झाकण चार चिमट्यांनी दाबून बसवलेलं असतं. बाबांनी चिमटे बारीक पक्कडीने उचलले, एकेक करून, थोडे थोडे, कारण एकदम वाकवले की तुटतात. आत काळ्या कार्बनचा पट्टा, घोड्याच्या नालेसारखा. त्यावर पितळी बोटं फिरतात. पट्ट्यावर जुन्या ग्रीसचा तपकिरी थर होता, आणि तो एका जागी खरवडून निघाल्यासारखा होता. त्या जागी कार्बन घासून चकचकीत झाला होता. टोकांना काळा, जाड, मऊ, मध्ये पातळ. कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी त्या मधल्या पट्टीत तासन्‌तास बॅट हलवली असणार. बाबांनी पट्टा खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि मला ती झीज दाखवली. भिंग लागलं नाही.

ते सीटीसी मागत होते. दुकानात त्यांनी आयुष्यभर पॉट त्यानेच धुतले. कार्बन टेट्राक्लोराइड आता मिळत नाही आणि मिळूही नये, यकृताला घातक. आयसोप्रोपाइल अल्कोहोल दिलं. कानकोरण्याच्या कापसाने ग्रीस काढलं, पितळी बोटं किंचित उचलून पट्ट्याच्या न झिजलेल्या बाजूला सरकवली, थोडं नवं ग्रीस लावलं. मधल्या पातळ भागावर त्यांनी मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं. ही दुकानातली युक्ती, नवा पॉट येईपर्यंत गिऱ्हाईकाचा रेडिओ चालावा म्हणून.

जोडलं. आकडे : ९१, ९१, ९०, ९१, ९१, ९१.

माझा सरासरीचा सगळा कोड त्याच रात्री पुसला. ६० ओळी.

११ जुलै

पेन्सिल पाच दिवस टिकली. खरखर परत आली. बाबांनी आधीच सांगितलं होतं. जोडीतला दुसरा पॉट नुसता धुऊन ठणठणीत झाला, म्हणजे झिजला असेल तरच बदला, आधी धुवा.

नवे पॉट मागवले, एक मेगओहम, दोन नग, ६ डॉलर.

२० जुलै

नवा पॉट बसवला. थरथर शून्य, पण नॉब अर्ध्याहून जास्त फिरवली तरी बॅट एका कडेलाच रेंगाळते, आणि मग उरलेल्या बोटभर फिरण्यात सगळं मैदान पार करते. मी तक्ता लिहून वाक सरळ करायला बसले. पुन्हा तेच, कोडमध्ये झाकणं.

बाबांनी पॉट उलटा करून शिक्का वाचला. ए१एम. "हा आवाजाचा पॉट आहे. कानाला आवाज समान वाढतोय असं वाटावं म्हणून याचा रोध आधी हळू आणि मग भरभर वाढतो. तुला सरळ चढणारा हवा, बी." मी फक्त १एम बघितलं होतं, त्याच्या आधीचं अक्षर नाही. बी१एम मागवले, ७ डॉलर. आठवडा गेला तो वेगळा.

२७ जुलै

बी१एम बसवला. उजवीकडे फिरवलं की बॅट डावीकडे. मी कोडमध्ये वजाबाकी उलटी करणार होते, बाबांनी हात धरला. पॉटला तीन पाय असतात, पॅडलमध्ये दोनच लागतात, मधला आणि एक कडेचा. मधला तसाच ठेवून कडेचा बदलला. कोड तसाच राहिला, त्यामुळे आता कुणाचंही मूळ पॅडल माझ्या खेळाला चालतं. कोड उलटा केला असता तर खेळ फक्त माझ्या पॅडलवर चालला असता.

आणि आता, सगळं स्वच्छ झाल्यावर, खरा कोडमधला दोष दिसला. बॅट एका ठरावीक जागी अडते आणि तिथून एकदम ३६ पिक्सेल पलीकडे उडी मारते. मधे कुठेच थांबत नाही. हे इम्युलेटरमध्येही होतं, मी माउस भरभर फिरवत होते म्हणून कळलं नाही. खऱ्या यंत्रावर खरखरीने झाकून ठेवलं.

३६ हा आकडा बघितल्याबरोबर कळलं. सहा रांगा, प्रत्येकी सहा ओळी. विटा काढताना माझ्याकडे पॅडल वाचायला सायकल उरत नव्हत्या, म्हणून त्या पट्ट्यात वाचणंच गाळलं होतं. त्या ३६ ओळींत कपॅसिटर भरला तर मला पत्ताच लागत नव्हता.

हिशेब असा. प्लेफिल्डची सहा लेखनं ४२ सायकल, ओळीची वाट पाहायला ३, चेंडू दिसायचा की नाही ते ठरवायला १३, रंग ७, मोजणी आणि परत फिरणं ५. बेरीज ७०. उरल्या ६. पॅडल वाचायला लागतात ८. दोन सायकलसाठी सगळं अडलं होतं. रंग प्रत्येक ओळीत लिहायची गरजच नव्हती, रांग बदलली की एकदा पुरे. प्रत्येक रांगेची पहिली ओळ मोकळी सोडली, तिच्यात रंग बदलला, बाकीच्या पाच ओळींत विटा. ७ सायकल सुटल्या, पॅडल सर्व ओळींत वाचता आलं, आणि रांगांमध्ये बारीक काळी रेघ आली, ती दिसतेही छान.

पॅडलपासून सुरुवात केली असती तर विटांचा कोड पहिल्या दिवसापासून या ८ सायकल बाजूला ठेवूनच लिहिला असता. नव्याने कुणी हे करत असेल तर पहिल्या आठवड्यात रिकाम्या पडद्यावर फक्त बॅट हलवा, खऱ्या यंत्रावर, खऱ्या पॅडलने. ती हाताबरोबर गेली की मगच पुढचं.

उरलेली एका पिक्सेलची फडफड अशी घालवली : आकडा फक्त एकाने बदलला तर बॅट हलवायची नाही. सात बाइट.

१० ऑगस्ट

वीट फुटली की चित्र दचकून वर उडतं आणि परत बसतं. बाबा हात टीव्हीच्या मागे घालून काहीतरी चाचपू लागले. व्ही-होल्डची (चित्र वरखाली उडू नये म्हणून फिरवायची) नॉब शोधत होते. त्यांच्या दुकानात चित्र असं उडालं की पहिला हात तिथेच जाई.

या टीव्हीला ती नॉब नाही, पण निदान बरोबर होतं. वीट फुटलेल्या फ्रेममध्ये वीट पुसणं, गुण आणि आवाज एकत्र आल्याने खालच्या ३० ओळींत काम संपत नव्हतं आणि फ्रेम २६४ ओळींची होत होती. गुणांची बेरीज पुढच्या फ्रेमवर ढकलली. ओळी हाताने मोजणं सोडून टायमर लावला, वरच्या भागाला टायमरचे ४३ टप्पे, खालच्याला ३५. आता २६२ म्हणजे २६२.

जेवताना बाबांना सांगितलं की ब्रेकआउटच्या १९७६च्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या) यंत्रात प्रोसेसरच नव्हता, सगळं साध्या टीटीएल लॉजिक चिपांवर चालायचं, आणि टीव्ही कृष्णधवल असल्याने विटांच्या रंगांसाठी पडद्यावर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. त्यांना नवल वाटलं नाही. सांगलीत त्यांनी स्वतः कृष्णधवल टीव्हीवर बसवायचे रंगीत प्लॅस्टिकचे पडदे विकले होते.

७ सप्टेंबर

आज गणपती बसले. दोन आठवडे हातच लावलेला नाही. रविवारी पाहुण्यांच्या मुलांनी मात्र तीन तास खेळून काढले, आणि त्यातून पुढची अडचण कळली.

२१ सप्टेंबर

अडचण ही. शेवटच्या एक-दोन विटा राहिल्या की दहा-दहा मिनिटं चेंडू नुसता वरखाली. मी आडवे वेग १ आणि २ असे पूर्ण आकडे ठेवले होते आणि बॅटचे चार भाग. चेंडू त्याच त्याच वाटांनी फिरत राहायचा, खेळणाऱ्याला नेम धरायला वावच नव्हता.

आता बॅटचे दोन-दोन पिक्सेलचे आठ भाग केले आहेत. मध्यापासून कडेकडे वेग ०.५, ०.७५, १.२५ आणि १.७५, दोन्ही बाजूंना. अपूर्णांकासाठी जागेला आणि वेगाला एकेक जास्तीचा बाइट. कडेने चेंडू घेतला की तो तिरका जातो, मध्यावर घेतला की जवळजवळ उभा. एवढ्या दोन बाइटने खेळात जीव आला. लेक आता मुद्दाम डाव्या कडेने घेऊन कोपऱ्यात बोगदा पाडतो आणि चेंडू भिंतीच्या मागे सोडून देतो.

बाराव्या टोल्यानंतर वेग वाढतो, हे जुन्या आर्केडसारखंच ठेवलं. बॅट अर्धी करायचं ठेवलं नाही, घरात सात वर्षांची मुलंही खेळतात.

५ ऑक्टोबर

शेवटचा हिशेब. यंत्र ४५, पॅडल १८, जुनं कार्ट्रिज ४, चिपा ९, चुकीचे पॉट ६, बरोबर पॉट ७, इन्व्हर्टर आणि वायरी ५. एकूण ९४ डॉलर. प्रोग्रामर एका मैत्रिणीचा, टीव्ही फुकट. रॉमपैकी २,७१३ बाइट भरले. रॅमपैकी १०४, बाकी २४ स्टॅकला. वेळ पाच महिने. त्यातले पाच आठवडे पॅडलपायी वाया.

काल रात्री बाबांनी पहिली पूर्ण भिंत पाडली, ४३२. दुसऱ्या भिंतीत आणखी ५७ गुणांवर चेंडू संपले. ते बुधवारी निघतात. धुतलेल्या पॉटवर आजपासून थोडी खरखर दिसू लागली आहे, म्हणून दुसरा बी१एम काढून ठेवलाय. उद्या सकाळी ते असतानाच बसवून घेते.